पानं स्वच्छ निघाली

११ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा. दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. गवताला पाणी घालायला वेळ मिळतो, बहिणीला चार ओळी खरडायला मिळत नाही. आई असती तर म्हणाली असती, याचं लग्न गवताशीच लावून द्यायला हवं होतं. आता पन्नाशी आली तुझी, तेही स्थळ हातचं गेलं.

बियांच्या पिशव्या वेगळ्या पुडक्यातून पाठवल्या आहेत. शिवणातल्या चिंध्या उरतात, त्यांच्याच शिवल्या. तू सांगितलंस तसे दोरे वेगवेगळे घातलेत. शिशाच्या कारखान्यामागच्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या माथ्यावरच्या बियांना लाल, पायथ्याच्या बियांना हिरवा, आणि ओढ्यापलीकडच्या कुरणातल्या बियांना काळा. यातलं निम्मं श्रेय टकळीचं. माझ्या डोळ्यांना आता सुईचं नाक दिसत नाही, सगळ्या सुया तीच ओवून देते. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, एक डोळा मिटायचा आणि पहिल्याच खेपेला आरपार. सहा वर्षांची पोर, पण इतका स्थिर हात मी दुकानातल्या शिकाऊ मुलींचाही पाहिला नाही. तोंड मात्र घटकाभर स्थिर नाही, उगाच नाही तिला टकळी म्हणत. तुरे चुरून ताटात घेतले की फुंकर मारून कोंडा उडवायचं कामही तिनंच मागून घेतलं आहे. संध्याकाळी तिच्या भुवयांवरसुद्धा धूळ असते. तुला ती गवतआजोबा म्हणते आणि गवतआजोबाला दाढी आहे की तुरा, असं विचारते.

ह्यांचा खोकला तसाच आहे. शिशाची भट्टी बंद होऊन चार वर्षं झाली, पण छातीतली काही बंद होत नाही, असं हेच हसत सांगतात. वारा सुटला की ढिगावरची करडी पूड थेट आपल्या दारात. दिवसातून तीनदा ओटा पुसते आणि तीनदा भट्टीच्या मालकाचा उद्धार करते.

लेकीचं पत्र आलं. शहरातल्या शिलाई कारखान्यात तिचं बरं चाललंय, पण पोरीला जवळ ठेवता येईल अशी खोली अजून मिळालेली नाही. म्हणून टकळी आमच्याकडेच. खरं सांगू? खोली मिळू नये अशी माझी लबाड इच्छा आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, त्यालाही मधूनमधून पाणी घालत जा.

तुझी
ताई

———

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे.

तुझ्या पिशव्यांनी माझी झोप उडवली. मागच्या वर्षी तू बिस्किटांच्या डब्यातून ढिगाची माती पाठवली होतीस. ती दोन ट्रेंमध्ये भरली. एकात काळ्या दोऱ्याचं, म्हणजे कुरणातलं बी पेरलं, दुसऱ्यात लाल दोऱ्याचं. कुरणातलं बी उगवलं, आठवडाभर हिरवं दिसलं आणि मग मुळांची टोकं काळी पडून सगळं आडवं झालं. हजार बियांतली दोन-तीन रोपं उरली. लाल दोऱ्याची मात्र जवळजवळ सगळी उभी आहेत. त्या मातीत शिसं आणि जस्त इतकं आहे की साध्या गवताला मूळ पुढे सरकवता येत नाही. गंमत अशी की दोन्ही गवतं एकाच जातीची, ढिगावरच्याचे पणजोबा कुरणातलेच. साठ-सत्तर वर्षांत त्याची जनुकं बदलली. तुला कळेल असं सांगायचं तर गवत शिकलं, ताई. विषात राहायला शिकलं. वर ते कुरणाच्या आठवडाभर आधी फुलतं, त्यामुळे त्या घराण्याशी सोयरीकही जवळजवळ बंद. माहेराशी फटकून राहिलेल्या आपल्या धाकट्या आत्याची आठवण झाली.

आणखी एक. असं गवत दाट लावलं तर धूळ धरून ठेवतं. ढिगावर सगळीकडे पसरलं तर तुझा ओटा दिवसातून एकदाच पुसून भागेल.

आता माझं मागणं. पुढच्या खेपेला मुळांसकट रोपं हवीत. मुळांची माती झाडू नकोस, मला ती तशीच हवी आहे. मी पुढच्या आठवड्यात खाऱ्या तळ्याकडे निघतोय. मिठात उगवणारी झाडं बघायची आहेत. जुलैत परतेन, तोवर तुझी पत्रं माझ्या टेबलावर वाट बघतील. भाऊजींना नमस्कार. टकळीला म्हणावं, गवतआजोबा तिच्यासाठी भिंग आणणार आहे, आणि दाढी नाही, टक्कल आहे.

लोभ आहे तो सांभाळून ठेव, मी परत आल्यावर मोजून घेईन.

तुझा
धाकटा

———

१९ मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. मिठाच्या देशात सुखरूप असशील. हे पत्र तू उशिरा वाचणार, पण मला दम धरवत नाही.

धूळ धरून ठेवतं, असं तू लिहिलंस ते माझ्या डोक्यात बसलं. ह्यांच्या मागे लागले. त्यांनी हातगाडी मागून आणली, आणि ढिगाच्या पायथ्याची हिरवळ आम्ही फावड्यानं चौकोन चौकोन कापून आणली. दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत सगळ्या अंगणात अंथरली. वीतभर मातीसकट आणली, म्हणजे मुळांना धक्का लागायला नको. तू मुळांची माती झाडू नको म्हणाला होतास, आम्ही चिमूटभरही झाडली नाही. विष पचवायला शिकलेलं गवत आहे, तेव्हा खालची माती एव्हाना धुऊन निघाली असणार, असं ह्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. नगरपालिकेनंही ढिगाभोवतीचं तारेचं कुंपण काढून टाकलंय. हिरवं झालं म्हणजे बरं झालं, आता तिथं बाक बसवू, असं त्यांचा माणूस सांगून गेला.

अंगण आता ओळखू येणार नाही तुला. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तण उपटते. टकळी दिवसभर तिथंच लोळते. काड्यांनी माती उकरून कागदाच्या पुड्या बांधते आणि तिचं दुकान चालतं. मला गिऱ्हाईक व्हावं लागतं, भावात घासाघीस केली तर रुसते. चाखून दाखवते म्हणून एकदा मातीच तोंडात घातली. मी रागावले, पण आपण दोघांनी लहानपणी काय कमी खाल्ली?

तिचं पोट मात्र मधूनमधून दुखतं आणि साफ होत नाही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलंय. मुळांसकटची रोपं पुडक्यात आहेत. ती टकळीनं एकेक निवडून ठेवली.

लोभाचं काय विचारतोस, अंगणभर पसरलाय.

तुझी
ताई

———

६ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इथं तंबूत बसून लिहितोय. जमीन पांढरी आहे, डोळे चुरचुरतात आणि चहासुद्धा खारट लागतो. टपाल इथवर येत नाही. पाण्याचा ट्रक आठवड्यातून एकदा येतो, तोच आमची पत्रं घेऊन जातो. तळ्याच्या काठावर एक झुडूप आहे, ते आत गेलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून पाहिलं. भाऊजींना सांग, पन्नाशीतही अक्कल आली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी तुझ्या ढिगावरच्या गवताची तपासणी हाती आली होती, कळवायचं राहून गेलं. पानं स्वच्छ निघाली, ताई. शिसं जवळजवळ नाहीच. गुरांपुढे टाकावीत इतकी स्वच्छ. मी तीनदा तपासून घेतलं. यामागे त्या गवताची काय युक्ती आहे ते परतल्यावर सविस्तर लिहितो, ट्रकवाला हॉर्न वाजवून डोकं उठवतोय.

घाईत आहे, पण लोभात कसर नाही.

तुझा
धाकटा

———

२८ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तुझं चिठोरं मिळालं. पानं स्वच्छ निघाली हे वाचून जीव भांड्यात पडला. मध्यंतरी शेजारणीनं मनात नाही नाही ते भरवलं होतं, ढिगाची माती घरात आणली म्हणून. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनंही दोन चौकोन आणून दारात लावले.

टकळीचं काही बरं नाही. जंताचं औषध झालं, मग रक्त कमी आहे म्हणून लोहाचं सुरू केलं. रंग उडालाय पोरीचा. जेवण समोर आलं की तोंड फिरवते, साध्या बोलण्यावर चिडते आणि मग बसल्या जागी पेंगते. परवा उंबऱ्याला अडखळून दोनदा पडली. काल मी सुई दिली तर दोरा नाकाच्या शेजारून जात राहिला. हात थरथरत होता. तीन खेपांनंतर तिनं सुई माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून गेली. सगळ्यांत मला खातंय ते हे की ती बोलत नाही. घरात इतकी शांतता मला सोसत नाही. हे म्हणतात, दात पडायचे दिवस आहेत, आईची आठवण येत असेल.

घरात उकडतं म्हणून दुपारचं तिचं अंथरूण अंगणातल्या गवतावरच टाकते. गारव्याला जरा डोळा लागतो. तू स्वच्छ म्हणालास म्हणून, नाहीतर हिंमत झाली नसती.

तू लवकर ये. तुला बघून कदाचित बोलेल. लोभ आहे, पण आज त्यात काळजीच जास्त आहे.

तुझी
ताई

———

१७ जुलै

ती. ताईस,

सा. न. आज परतलो. टेबलावर तुझी दोन्ही पत्रं एकाखाली एक होती. तार केली आहे, ती पोचली असेल. पोचली नसेल तर हे पत्र हातातून खाली ठेव, टकळीला उचल आणि त्या घरातून बाहेर काढ. बाकीचं नंतर वाच.

पानं स्वच्छ आहेत, कारण ते गवत शिसं वर चढूच देत नाही. मुळाशीच अडवतं. म्हणजे शिसं कुठं जात नाही, ताई. मातीत जसंच्या तसं राहतं. ते गवत माती धूत नाही, फक्त त्या मातीत स्वतः मरत नाही. तुम्ही अंगणात वीतभर ढीग आणून अंथरला आहे.

तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्या. रक्तात शिसं किती आहे ते बघा, असं स्पष्ट शब्दांत सांगा. जंत नाहीत, दात नाहीत. तिचे कपडे, अंथरूण घरात आणू नका. अंगण झाडू नका, गवत उपटू नका, धूळ उडेल. ओलं करून ताडपत्री घाला. शेजारणीलाही सांग. मी पहिल्या गाडीनं रुग्णालयात येतोय.

धाकटा

———

४ ऑगस्ट

ती. मामास,

सा. न. तू येऊन गेलास तेव्हा टकळी शुद्धीवर नव्हती आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. म्हणून लिहिते.

तुझी तार आली तेव्हा टकळी अंगणातच झोपली होती. बाबांनी तिला तशीच खांद्यावर टाकून गाडी गाठली. गाडीत तिला पहिला झटका आला, रुग्णालयाच्या पायऱ्यांवर दुसरा. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ वर करून हिरड्यांवरची शिशाची काळी रेघ बघितली आणि घरात कोण काय काम करतं, एवढंच विचारलं. रक्तातलं शिसं ओढून काढणारी इंजेक्शनं चालू आहेत. ती दिली की पोर किंचाळते. रक्त साफ होईल म्हणतात. डोक्यात आणि हाडांत जाऊन बसलंय त्याचं काय, असं मी विचारलं. बाईंनी फक्त माझा हात धरला. शेजारणीचा मुलगा पलीकडच्या खाटेवर आहे. त्याला झटके नाहीत.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं. मग वाटलं, पोरीला तिथं ठेवणारी मीच. खोलीसाठी आणखी थोडी धावपळ केली असती तर ती माझ्याजवळ असती. बाबा बाकावर बसून असतात, खोकतात. हातगाडी आणलीच कशाला, एवढं एकदा म्हणाले.

आई रोज सकाळी मला तोच प्रश्न विचारते. पानं स्वच्छ होती ना गं? मी तिला काय सांगायचं ते तूच लिही. मला सांगता येत नाही.

लोभाचं मी काही लिहीत नाही.

तुझी
भाची

———

२० ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. होय, पानं स्वच्छच होती. मी लिहिलं ते खरं होतं, पण अर्धं होतं, आणि दुसरं अर्धं मी हॉर्न वाजत होता म्हणून राहू दिलं. त्याआधीचं मात्र मी खोटंच लिहिलं. गवत शिकलं, असं. तुला गोड वाटेल म्हणून लिहिलं. गवत काही शिकत नाही. कुरणात हजारात दोन-तीन काड्या आधीपासूनच वेगळ्या जन्मतात. ढिगावर पडल्यावर बाकीच्या मरतात आणि या दोन-तीन उरतात. त्यांच्या पोरांतल्याही बऱ्याच मरतात. असं साठ-सत्तर वर्षं चालल्यावर ढीग हिरवा दिसतो. ते हिरवं दिसणं म्हणजे किती मेलं त्याची खूण आहे. मी वर्गात मुलांना हे वीस वर्षं शिकवलं. सख्ख्या बहिणीला मात्र सोपं करून सांगायला गेलो.

नगरपालिकेला तीन पत्रं लिहिली, तपासणीचे अहवाल जोडून, ढिगाला कुंपण घाला म्हणून. उत्तर आलं. बाक आधीच मागवले आहेत, आणि माझा पानांचा अहवाल त्यांना फार उपयोगी पडला, त्याबद्दल आभार मानलेत.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. तू, भाऊजी आणि टकळी, सगळे या. जवळच तिच्यासारख्या मुलांची शाळा आहे, मी बघून आलो. तुला मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिही. तुझं अक्षर दिसलं नाही तर मला इथं बसवत नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा

———

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तुझी चार पत्रं आली, उत्तर दिलं नाही. 

अंगणातली माती माणसं लावून भिजवली, पोत्यांत भरली आणि वर फरशी घातली. शेजारणीचं अंगणही तसंच केलं. तिचा मुलगा घरी आला, बरा आहे. ती माझ्याशी बोलते, पण दारात उभी राहूनच. ह्यांनी ढिगाला स्वतःच्या हातानं तार बांधली. नगरपालिकेची माणसं ती तोडतात, हे पुन्हा जाऊन बांधतात. खोकत खोकत बांधतात. मी आता अडवत नाही. आम्ही तुझ्याकडे येणार नाही. हे इथून हलले तर तार कोण बांधणार?

लेकीला खोली मिळाली. टकळी तिच्याकडेच असते. माझी ती लबाड इच्छा देवानं ऐकली होती तेवढी पुरे झाली. मागच्या आठवड्यात मी तिकडे राहून आले. एक पाय ओढत चालते. पाणी, नको, आई, एवढं बोलते. लेक तिला अजून टकळी म्हणते, माझ्या तोंडून तो शब्द फुटत नाही. तू पाठवलेलं भिंग तिनं एकदा डोळ्याला लावलं आणि खाली ठेवलं.

मी दुपारी शिवायला बसले होते. ती येऊन शेजारी बसली आणि माझ्या हातातली सुई घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला. कसं करायचं ते सगळं तिला आठवतंय रे. हात तेवढा ऐकत नाही. ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत ती बसून होती, सुई सोडेना आणि रडेनाही. शेवटी मीच ती काढून घेतली आणि मोरीत जाऊन नळ सोडला, म्हणजे माझा आवाज तिला ऐकू जायला नको.

राग आहे का, हे तू चारही पत्रांत विचारलं नाहीस, पण चारही पत्रं त्याचसाठी होती हे मला कळतं. आहे. तुझ्यावर आहे, ह्यांच्यावर आहे, आणि ते गवत पाणी घालून वाढवणाऱ्या बाईवर सगळ्यांत जास्त आहे. त्यातला किती हिस्सा कुणाचा, हे वाटत बसायचं माझं वय नाही.

ढिगावर तुरे पिकलेत. ह्यांची तार बांधून झाली की मी खाली उभी राहून बघते. दाट आलंय यंदा. पण पिशव्या शिवल्या नाहीत, आणि शिवणार नाही. बी हवं असेल तर दुसरं कुणी बघ. तुझं म्हणणं मला आता नीट समजलंय. हजार पेरायच्या, हजारातल्या दोन-तीन उरतात, आणि तेवढ्यावर गवताचं चालतं. आमच्याकडे हजार नव्हत्या, धाकट्या. एकच होती.

तब्येत जप. लोभ असावा असं आज लिहवत नाही. पण आजवर जो लिहिला तो खोडतही नाही.

तुझी
ताई